सदस्य क्रमांक दोन

घरात कोण काय करतं हे कुणी लिहून काढायला बसलं, की ते घर पुढं सुरळीत चालत नाही, असं कामाक्षीबाईंचं त्या वर्षी ठाम मत झालं. ते त्यांनी कुणाला सांगितलं मात्र नाही. एक तर त्या मुळातच हळू बोलणाऱ्या. शेजारी बसलेल्या माणसालाही "काय म्हणालात?" असं दोनदा विचारावं लागे. शिवाय हे मत झालं तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते, आणि त्यांचं मौन चालू होतं.

मौनाचं असं, की त्यांनी मंडल धरलं होतं. अठ्ठेचाळीस दिवस, पहाटे डोळा उघडल्यापासून भवानीला दुपारचा नैवेद्य होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लिहायचंही नाही, कारण लिहिणं म्हणजे बोटांनी बोलणं, असं त्यांच्या सासूबाई सांगून गेल्या होत्या. खुणा चालतात. एक शब्द जरी निसटला, तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. देव्हाऱ्यापाशी दोन वाट्या होत्या. नैवेद्य झाला की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत जाई.

व्रत कशासाठी, हे ते पुरं होईपर्यंत घरात बोलायचं नसतं. तुम्हा-आम्हांला ते कळायला हरकत नाही. लेक हरिता समाजशास्त्रात एम.ए. करत होती. तिचा प्रकल्प नीट पार पडावा, आणि तोंडी परीक्षेत तिनं मोठ्या माणसांना उलट उत्तरं देऊ नयेत, एवढंच मागणं होतं. तोंडी परीक्षा एकोणपन्नासाव्या दिवशी होती. एक दिवससुद्धा घसरायला जागा नव्हती.

आणि व्रताच्या मुळावर आला तो हाच प्रकल्प.

"माणूस घरात कोण असतो, हे तो एकटा ठरवत नाही गं आई," हरिता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वही घेऊन बसून सांगायची. "बाकीचे त्याला जसं धरून चालतात, तसा तो होतो. आणि हे सगळं खुणांवर चालतं. मी फक्त बघणार. तू आपली नेहमीसारखी वाग."

कुणी बघत असताना नेहमीसारखं वागणं किती अवघड असतं, ते ज्यांच्या घरी मुलगी बघायला लोक आले आहेत त्यांनाच ठाऊक. कामाक्षीबाईंनी झारा दोनदा कढईवर आपटला, की हरिता लिही, 'अप्पा आंघोळीला उठले.' कॉफीच्या फिल्टरचं झाकण वाजलं, की 'अप्पांनी पेपराची घडी घातली.' चौथ्या दिवशी तिनं स्वयंपाकघराच्या दारावर एक तक्ता चिकटवला. त्यात आईच्या नावावर एकतीस भूमिका होत्या. अप्पांच्या नावावर चार. कमावणे, पेपर वाचणे, चालू पंखे बंद करणे, आणि दार वाजल्यास जागेवरून "कोण आहे?" असं विचारणे.

अप्पा म्हणजे हनुमंतराव. ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. रोज सकाळी तंजावरहून बसनं जायचे आणि संध्याकाळी बसनं यायचे, आणि मधल्या वेळात लोकांचे अर्ज परत पाठवायचे. डावीकडे समास बोटभर कमी पडला तरी त्यांच्या टेबलावरून अर्ज पुढं सरकलेला कुणी पाहिला नव्हता. त्यांनी तक्ता चष्मा लावून वाचला.

"पाचवं राहिलं," ते म्हणाले. "कुटुंबप्रमुख."

"ते मला कुठं दिसलं नाही अप्पा."

"दिसायचंय काय त्यात? कागदोपत्री असतं ते. रेशन कार्ड काढ, बघ. कागद पाहिल्याशिवाय मी कुणाचं मानत नाही, मग तू माझं का मानावंस? झेरॉक्स काढ आणि लाव प्रकल्पाला."

रेशन कार्ड हा शब्द ऐकताच तांदूळ निवडणाऱ्या कामाक्षीबाईंचा हात थांबला. त्या उठल्या. रॉकेलच्या डब्याजवळच्या खिळ्यावरून प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड काढलं, पाटाखाली सारलं आणि पाटावर बसल्या. बसल्या त्या उठेचनात. हरिता म्हणाली, "आई, ऊठ ना." त्यांनी डोळे मिटून जपमाळ हातात घेतली. हरितानं वहीत लिहिलं, 'आई पाटावर बसली. खूण नवीन. अर्थ शोधणे.'

अर्थ दुधानं शोधून दिला. गॅसवरचं दूध वर आलं, आणि दूध उतू जाताना बसून राहील अशी बाई तंजावरात अजून जन्मलेली नाही.

कार्डावर तमिळमध्ये, निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. कुटुंबप्रमुख, कामाक्षी. खाली, सदस्य क्रमांक दोन, हनुमंतराव. प्रमुखाशी नातं, नवरा.

हनुमंतरावांनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, उलट बाजूलाही काही दुरुस्ती आहे का ते पाहिलं. नऊ वर्षं त्या कार्डावर घरात साखर येत होती, पण रेशनच्या दुकानाची पायरी ते कधी चढले नव्हते.

"काय गो हे?" त्यांनी विचारलं.

कामाक्षीबाईंनी दोन्ही हात जोडले. साडेसात वाजले होते. उत्तराला अजून साडेचार तास होते, आणि बस पावणेआठची. हनुमंतराव कॉफी न घेता निघून गेले. लग्नानंतर चोवीस वर्षांत कॉफी न घेता ते दुसऱ्यांदा घराबाहेर पडले. पहिल्यांदा घरात दूध नव्हतं.

संध्याकाळी उलगडा झाला. नऊ वर्षांपूर्वी नवी कार्डं करायला मोजणीदार दारात आला होता. हनुमंतराव कचेरीत. त्यानं विचारलं, "कुटुंबप्रमुखाचं नाव?" आता नवऱ्याचं नाव कामाक्षीबाईंनी उभ्या जन्मात तोंडानं घेतलेलं नाही, ते मोजणीदारासाठी काय घेणार? त्यांनी भिंतीवरच्या मारुतीच्या तसबिरीकडे बोट केलं आणि हात जोडले. त्याला वाटलं, बाई भाविक दिसतायत. त्यानंही हात जोडले. मग म्हणाला, "बरं, तुमचं नाव?" ते सांगायला हरकत नव्हती. त्यानं लिहिलं आणि गेला. पुढच्या महिन्यात कार्ड आलं.

"मग तेव्हाच सांगायचंस!"

"तुम्हांला वाईट वाटलं असतं," कामाक्षीबाई म्हणाल्या.

"काय म्हणालीस?"

"वाईट वाटलं असतं. म्हणून मी शनिवार धरले."

नऊ वर्षं त्या दर शनिवारी मारुतीचा उपास करून संध्याकाळी जेवत होत्या. तो आपल्या बढतीसाठी आहे, असं समजून हनुमंतराव दर शनिवारी मनातल्या मनात समाधान पावत होते. नवऱ्याच्या हक्काची प्रमुखपणाची गादी आपण बळकावून बसलो, याचं ते प्रायश्चित्त होतं हे कळल्यावर त्यांना राग यावा की गहिवर, हे त्यांचं ठरेना. म्हणून त्यांनी पंखा बंद केला.

एवढ्यात भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. शेजारचे रंगराव पोस्टातून निवृत्त झाले होते आणि ओसरीवर त्यांनी पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ उघडलं होतं. दोन्ही ओसऱ्यांच्या मधली भिंत छातीएवढी होती. रंगरावांना ती कानाएवढी पुरत असे.

"घाबरायचं काम नाही हो," रंगराव भिंतीवरून म्हणाले. "अर्ज करायचा. प्रमुख बदलून मिळतो. मी पोस्टात असताना एका मेलेल्या माणसाला जिवंत करून दिलंय, तुम्ही तर धडधाकट आहात."

दुसऱ्या दिवशी बूथवर फोनसाठी थांबलेल्या साऱ्या गल्लीला बातमी लागली. तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं विचारलं, "मेंबर सार, अम्मा आहेत का घरात?"

हरिता मात्र हरखून गेली होती. "अप्पा, असं उदाहरण मागून मिळत नाही! मी हे कार्ड असंच लावणार."

"असंच? आणि ते लाल पुठ्ठ्यात बांधून विद्यापीठाच्या कपाटात ठेवणार? म्हणजे मी गेल्यावरसुद्धा तिथं सदस्य क्रमांक दोनच?" हनुमंतरावांचा आवाज चिरकला. "ते पान कोरं ठेव. दुरुस्त कार्ड आणून देतो."

त्यांनी अर्ज केला. तो परत आला, 'अर्जदार कुटुंबप्रमुख नाही.' मग दुपारी, मौन सुटल्यावर, कामाक्षीबाईंची सही घेऊन दुसरा केला. तोही परत आला. डावीकडे समास कमी पडला होता. त्या संध्याकाळी हनुमंतराव बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसले होते. ओरत्तनाडूतली कोणती कोणती माणसं त्यांना आठवत होती, देव जाणे. तिसरा अर्ज मात्र स्वीकारला गेला, आणि सुनावणीचा कागद आला. गुरुवारी, सकाळी अकरा. कुटुंबप्रमुखानं जातीनं हजर राहून, आपण हे पद राजीखुशीनं सोडतो, असं तोंडी सांगायचं.

कामाक्षीबाईंनी चिंचोके पाहिले. गुरुवार म्हणजे पंचेचाळिसावा दिवस.

"एका दिवसाचा प्रश्न आहे," हनुमंतराव म्हणाले. "देवी समजून घेईल."

"ती घेईल हो समजून. पण मग मला तिच्यासमोर उभं राहवणार नाही."

हनुमंतरावांनी सुनावणीच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "बरं, तू नको बोलूस. आपल्या तंजावरच्या बाहुलीसारखी नुसती मान हलव. बोलायचं माझ्याकडं लागलं. आजवर बाहेर तुला कुणी बोलायला लावलंय का?"

नव्हतं लावलं. ते खरंच होतं.

गुरुवारी हरिता प्रकल्प टाइप करून घ्यायला तिरुच्चीला गेली, एक पान कोरं ठेवून. हे दोघं कचेरीत अकराला पोचले. सव्वाअकरापर्यंत घरी परत आणि बाराला नैवेद्य, असा हनुमंतरावांचा अंदाज होता. सरकारी माणसानं सरकारी कामाबद्दल इतकं आशावादी का असावं, कळत नाही. पुकारा झाला तेव्हा बाराला पाच कमी होते.

अधिकारी सुब्रमण्यम यांच्या कपाळावर भस्माचे ताजे पट्टे होते आणि टेबलावर मान डोलावणारी तंजावरची बाहुली होती. भिंतीलगतच्या बाकावर पिशव्या घेऊन दहा-बारा बायका बसल्या होत्या. बोलणं अर्थात तमिळमध्ये चाललं होतं.

"कुटुंबप्रमुख कोण?"

हनुमंतराव पुढं झाले. "सार, त्याचं असं आहे..."

"तुम्ही कोण?"

हनुमंतरावांनी चष्मा काढून पुसला. "सदस्य," ते म्हणाले. "क्रमांक दोन."

"सदस्यांनी बाहेर थांबायचं."

हे वाक्य हनुमंतरावांनी स्वतः ओरत्तनाडूत इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते ऐकताच त्यांचे पाय आपोआप दाराकडे वळले.

"बोला अम्मा. राजीखुशीनं सोडताय ना?"

कामाक्षीबाईंनी मान हलवली. पंख्याच्या वाऱ्यानं बाहुलीनंही हलवली.

सुब्रमण्यमांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "दोघींची मान सारखीच हलतेय. जबानीत मी काय लिहू?"

"मौन आहे सार!" दारातून हनुमंतराव ओरडले. "नैवेद्य होईपर्यंत! पंचेचाळिसावा दिवस!"

सुब्रमण्यमांनी पेन खाली ठेवलं. ते स्वतः सोमवारी दिवे लागेपर्यंत पाणी पीत नसत. "व्रत मोडा असं मी म्हणणार नाही, अम्मा. पण जबानीशिवाय सहीही करणार नाही. मी एकपर्यंत आहे. मग तिरुवैयारुला तपासणीला जायचंय, आणि पुढची तारीख महिन्यानंतरची." ते थोडा विचार करून म्हणाले, "नैवेद्य घरातलं कुणी दाखवला तर चालतो ना?"

कामाक्षीबाईंनी बिचकत मान डोलावली.

"घरी कोण आहे?"

घरी कुणी नव्हतं. सगळी कचेरी दाराकडे पाहू लागली.

"मी?" हनुमंतराव म्हणाले.

नैवेद्य रोज गुळाच्या पायसमचा, म्हणजे खिरीचा असे. हनुमंतरावांना पायसमची ओळख पानात वाढल्यापासून पुढची होती. ते रिक्षानं गेले, आणि कामाक्षीबाई बाकावर बायकांच्या शेजारी बसून भवानीचं नाव घेऊ लागल्या. पाव तासानं साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला. रंगरावांच्या बूथवरून होता.

"कोण सदस्य? हां, बोला," सुब्रमण्यम म्हणाले. फोनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "अम्मा, गूळ कुठं आहे?"

कामाक्षीबाईंनी हात उंच केला. मग मनगट मागं वळवलं. मग दोन्ही हातांनी गोल केला आणि वर मूठ ठेवली.

"वरच्या फळीवर," साहेब फोनमध्ये म्हणाले. "मागं. गोल... डोकं असलेलं..."

"बरणी!" बाकावरची एक बाई म्हणाली. "झाकणाची बरणी म्हणतायत त्या!"

"बरणीत बघा," साहेबांनी सांगितलं.

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. कुकरला शिट्या किती? कामाक्षीबाईंनी तीन बोटं दाखवली आणि तळवा हवेत खाली दाबला.

"तीन शिट्या," साहेब म्हणाले, "आणि मग... खाली बसायचं?"

"गॅस बारीक!" अख्खा बाक ओरडला.

तिसऱ्या वेळी रंगराव स्वतः होते. मेंबरनी मूगडाळ धुताना पाण्याबरोबर मोरीत सोडली, तर आता नुसत्या तांदळाचं चालेल का? कामाक्षीबाईंनी कपाळाला हात लावला, मग तोच हात वर करून देवीवर सोपवला. त्याचं भाषांतर साहेबांनी न विचारता केलं, "चालवून घ्या म्हणतायत." वेलदोडा घालावा की खायचा कापूर, यावर बाकात दोन तट पडले. एवढ्यात कामाक्षीबाई दचकून उभ्या राहिल्या. डोक्यावर तांब्या ओतल्यासारखं केलं, कमरेभोवती काहीतरी गुंडाळलं आणि साहेबांकडे कळवळून पाहिलं.

साहेब ताडकन सरळ झाले. "अहो, आंघोळ करून सोवळं नेसलात ना?"

फोनमधून बारीक आवाज, "नेसतो." खट.

खरं सांगायचं तर कामाक्षीबाईंना मजा येत होती. त्यांच्या एका हातवाऱ्याकडे इतकी माणसं डोळे लावून बसली आहेत, असं कधी झालं नव्हतं. मग त्या लगेच ओशाळल्या आणि मनातल्या मनात देवीला अकरा प्रदक्षिणा जास्तीच्या कबूल केल्या.

साडेबारा झाले. बारा चाळीस झाले. फोन वाजला. साहेबांनी ऐकलं आणि रिसीव्हर कामाक्षीबाईंच्या कानाला लावला. रंगरावांनी तिकडे वायर पुरेल तेवढा रिसीव्हर भिंतीवरून धरला असावा. दुरून, पण स्पष्ट, त्यांच्या देव्हाऱ्यातली घंटा वाजत होती. वाजवणाऱ्याला सवय नव्हती. घाई होत होती, मध्येच अडखळत होती. कामाक्षीबाईंनी डोळे मिटून हात जोडले. बाक उभा राहिला.

"बोला अम्मा," साहेब हलकेच म्हणाले. कारकुनानं पेन सरसावलं.

कामाक्षीबाई काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणालात?"

"गॅस बंद केला का, ते विचारा."

साहेबांनी विचारलं. पलीकडे घंटा खाली पडल्याचा आवाज आला, मग धावती पावलं. बऱ्याच वेळानं हनुमंतरावांचा धापा टाकणारा आवाज फोनबाहेरसुद्धा ऐकू आला, "सार, अर्ज मागं घेतो! प्रमुख तीच राहू दे! एकतीस कामं आहेत सार, मी एकात दमलो!"

"सदस्याला अर्ज मागं घेता येत नाही," साहेब म्हणाले, आणि कामाक्षीबाईंकडे पाहिलं.

"नको," कामाक्षीबाई म्हणाल्या. या वेळी कुणाला पुन्हा विचारावं लागलं नाही. "मी राजीखुशीनं सोडते. नऊ वर्षं छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं. आणि आज त्यांनी देवीला जेवू घातलंय. आता द्यायला हरकत नाही."

कारकुनानं लिहून घेतलं. "नव्या प्रमुखाचं नाव?"

कामाक्षीबाईंचे गाल लाल झाले. नऊ वर्षांनी त्या पुन्हा त्याच उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी भिंतींवर नजर फिरवली. एकीकडे खताच्या जाहिरातीचं कॅलेंडर होतं, त्यावर ट्रॅक्टर. दुसरीकडे नुसता ओलाव्याचा डाग. मारुती कुठंच नव्हता. आणि घड्याळात एकला सात मिनिटं होती.

मग त्यांनी पिशवी खाली ठेवली. पदर नीट केला. एक हात कमरेवर ठेवला, दुसरा तळवा डोंगर पेलल्यासारखा डोक्यावर उचलला आणि, देव क्षमा करो, गाल किंचित फुगवले.

"हनुमंतराव!" बारा बायका एका आवाजात म्हणाल्या.

सुब्रमण्यमांनी तर ते आधीच लिहिलंसुद्धा होतं.

घरी आल्यावर कामाक्षीबाईंनी पायसम पाहिलं. डाळ नव्हती, वेलदोडा सालासकट होता, आणि खालून करपलं होतं. हनुमंतराव ओल्या सोवळ्यात कोपऱ्यात उभे राहून, अर्ज पुढं जातो की परत येतो, अशा चेहऱ्यानं बघत होते. कामाक्षीबाईंनी वाटीभर खाल्लं, बोट चाटलं आणि एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकला.

पुढचे तीनही तसेच पडले. तोंडी परीक्षेत हरितानं मोठ्या माणसांना एकही उलट उत्तर दिलं नाही. तीन उलट प्रश्न तेवढे विचारले. देवीकडे मागताना ते राहून गेलं होतं. तरी ती पास झाली. प्रकल्पाच्या त्या कोऱ्या पानावर तिनं दोन्ही कार्डांच्या झेरॉक्स शेजारी शेजारी लावल्या होत्या, आणि खाली अप्पांची पाचवी भूमिका लिहिली होती. नैवेद्य, गुरुवारी.

नव्या कार्डाचा पहिला शनिवार उजाडला. रेशनच्या दुकानात रॉकेल आलं होतं, आणि नवं कार्ड असलं की पहिल्या खेपेला प्रमुखानंच यायचं, असा दुकानदाराचा दंडक होता. हनुमंतराव डबा घेऊन सात वाजताच रांगेत जाऊन उभे राहिले. चौदावा नंबर. रंगरावांनी भिंतीवरून हाक मारली, "काय प्रमुख, निघालात?" आणि ते मान ताठ करून गेले.

घर शांत होतं. कामाक्षीबाईंनी मारुतीच्या तसबिरीला फूल वाहिलं आणि पाटावर बसल्या. या वेळी पाटाखाली काही नव्हतं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच, शनिवारी सकाळी, त्यांनी चार इडल्या खाल्ल्या.